पोटरीला सनई

झेमसेंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या पोटऱ्यांकडे पाहिलं, मान जरा तिरपी केली आणि म्हणाले, "तुम्हाला सनई लागेल."

पेणच्या रामवाडीच्या स्टॉपवर मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो. नुकतं उजाडलं होतं. हातात डबा, डोळ्यांत झोप. अशा वेळी अनोळखी माणसाने सनई सुचवली की आपल्याला वाटतं, हा लग्नाचं स्थळ घेऊन आलाय.

"कशाला?" मी विचारलं.

"पोटऱ्यांना. ढिल्या पडल्यात. मांडीला ढोल, पोटरीला सनई, खांद्याला ताशा. ज्याचं त्याला दिलं की अंग आपोआप चालतं. कानातनं पायात!"

"आणि पोटाला?" पोट हा तेव्हाही माझा दुखरा विषय होता.

त्यांनी माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाले, "पोट बहिरं असतं. त्याला आपण काही करू शकत नाही."

दत्ताराम झेमसे आमच्या कारखान्यात वेल्फेअर असिस्टंट होते. रोह्याच्या बाहेर रसायनांचे कारखाने एकाला एक लागून आहेत, त्यांतला एक आमचा. आम्ही कापडाचे रंग बनवायचो. मी प्रयोगशाळेत केमिस्ट. वेल्फेअर असिस्टंटने काय करायचं असतं हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि अशा जागेवर उत्साही माणूस बसला की जे व्हायचं तेच झालं. झेमसेंनी कामगारांचं कल्याण करायचं ठरवलं. तेही संगीताने.

त्यांचा सिद्धांत साधा होता. माणूस व्यायामाला कंटाळतो, थकतो, कारण त्याच्या कानाला काम नसतं. कानाला ताल द्या, तो माणूस दुप्पट जोर काढेल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. एवढंच म्हणून ते थांबले असते तर मी त्यांच्याशी भांडलो नसतो. दांडपट्टा खेळणाऱ्यापासून जात्यावर बसणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना हे माहीत आहे. पण झेमसे थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी प्रत्येक स्नायूला वाद्य वाटून दिलं होतं, प्रत्येक व्यायामाला कॅसेट ठरवून दिली होती, आणि हे सगळं कुठून आलं असं विचारलं की ते आकाशाकडे बोट दाखवल्यासारखे म्हणत, "परदेशात सिद्ध झालंय."

"कुठल्या परदेशात?" मी एकदा विचारलं.

"एकंदरीत परदेशात."

"कुणी सिद्ध केलं?"

"तिथल्या लोकांनी."

यापुढे वाद घालणं कठीण असतं. मी पुढे एकदा खोदून विचारलं तेव्हा कळलं की रद्दीच्या दुकानात त्यांना एका इंग्रजी मासिकाचं पान मिळालं होतं. त्यावर कानाला यंत्र लावून पळणाऱ्या एका गोऱ्या बाईचं चित्र होतं. मजकूर फाटलेला होता. त्या बाईच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता, यावरून झेमसेंनी उरलेलं शास्त्र स्वतः पुरं केलं.

त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेला मोठा टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डरला लोकरीचं विणलेलं कव्हर होतं. पेण ते रोहा हा रस्ता त्या काळी रस्ता कमी आणि खड्डे जास्त असा होता. तेवढ्या वेळात बाकीचे लोक झोपायचे किंवा पत्ते कुटायचे. झेमसे टेप मांडीवर घेऊन आम्हाला मानेचे व्यायाम करायला लावायचे. वाजलं की डावीकडे, वाजलं की उजवीकडे. खड्डा आला की आमच्या माना तशाही हलत. झेमसे ते आपल्या खात्यात जमा करत. "बघा, बघा, हे मागचे बुवा झोपलेत तरी मान तालात आहे!"

ड्रायव्हर सावंत एक दिवस न राहवून म्हणाला, "झेमसे साहेब, माझा पाय ॲक्सिलेटरवर हाय. ह्या तुमच्या गाण्याचं त्याला कळलं ना, तर आपण सगळं नदीत."

झेमसे उजळून माझ्याकडे वळले. "ऐकलंत? ड्रायव्हरला पटलंय."

त्यांच्याशी बोलताना ही एक अडचण कायमची होती. त्यांची थट्टा केली तर ते ती पुरावा म्हणून वापरत.

एकदा रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि मला परका न समजता सरळ गाऱ्हाणं मांडलं. "भाऊजी, ह्यांना दळण आणायला सांगितलं. तर म्हणतात, जाताना कनची कॅसेट लावू? मी म्हटलं, जाताना डबा रिकामा असतो, काय पन लावू नका. येताना लावा. तर म्हणतात, येताना डबा डोक्यावर, म्हंजे काम मानेला. मानेची कॅसेट अजून मिळाली नाय."

"मग?"

"मग काय, मीच गेले. बिनगाण्याची."

झेमसे खुर्चीत बसून गंभीरपणे म्हणाले, "आणि येताना थकलीस की नाही?"

यावर वहिनींनी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्याला कुठलं वाद्य लागलं असतं ते मला सांगता येणार नाही.

कंपनीतला त्यांचा पहिला मोठा प्रयोग गोडाउनमध्ये झाला. तिथे रंगाच्या पावडरीची पोती ट्रकमध्ये चढवायचं काम चाले. त्या टोळीचा मुकादम बाळाराम पाटील. हा झेमसेंच्याच गावचा, धरमतरच्या खाडीकडचा. बांध्याने दाराएवढा, बोलायला कमी. झेमसेंनी पोत्यांच्या थप्पीवर टेप ठेवला, लग्नाच्या बँडची कॅसेट लावली आणि शिट्टी फुंकली.

परिणाम झाला हे मला मान्य करावं लागेल. माणसं खरोखर धावायला लागली. पोती हवेतून जायला लागली. मग एक पोतं एकाने फेकलं तेव्हा दुसरा ते झेलायला तालावर आलाच नव्हता. पोतं फुटलं, मागोमाग आणखी एक फुटलं, आणि पिवळ्या रंगाचा असा ढग उठला की ट्रकवाला ट्रक सोडून पळाला. तो रंग पक्का होता. आम्हीच बनवला होता, त्यामुळे त्याच्या पक्केपणाबद्दल मी छातीठोक सांगू शकतो. पुढे कितीतरी दिवस गोडाउनची टोळी आणि गेटवरचं एक कुत्रं हळद लागल्यासारखं हिंडत होतं.

झेमसे खचले नाहीत. "ताल जलद झाला. मात्रा चुकली, औषध नाही," ते म्हणाले आणि त्यांनी भजनाची कॅसेट लावली. संथ, टाळाच्या ठेक्यावरची.

आता टोळी भजनाच्या चालीने चालू लागली. पोतं खांद्यावर घेतलेला माणूस डोळे अर्धे मिटून, एक पाऊल, मग दुसरं पाऊल, असा ट्रककडे निघे. सकाळी लागलेला ट्रक संध्याकाळ झाली तरी भरेना. सुपरवायझर ओरडत आला तेव्हा बाळाराम शांतपणे म्हणाला, "आमी काय करनार साहेब? गाणा तसा हाय."

दुसऱ्या दिवसापासून टोळी स्वतःहून मागणी करू लागली. "झेमसे साहेब, आज एकादशी हाय. भजनच लावा." त्या महिन्यात आमच्या गोडाउनमध्ये जितक्या एकादश्या आल्या तितक्या पंचांगात वर्षभर येत नसतील. झेमसेंना मात्र भरून आलं होतं. कामगार आपण होऊन संगीत मागतात, हे त्यांनी मला तीनतीनदा ऐकवलं.

गोडाउनमधून त्यांना हाकललं तेव्हा ते गेटवर गेले. सकाळच्या पाळीचे लोक आत शिरताना त्यांना मैदानात उभं करायचं आणि टेपवर दहा मिनिटं कवायत घ्यायची. हात वर, हात बाजूला, पाऊल पुढे, पाऊल मागे. कवायत म्हणजे काय होती ते सांगतो. एका खांद्याला डब्याची पिशवी असल्यामुळे बहुतेकांचा एकच हात वर जाई. काही जण तंबाखू मळत असत, त्यांचा एकही जात नसे. मागच्या रांगेत लोक गप्पा मारत, आणि झेमसे समोर उभे राहून दोन्ही हात हवेत नाचवत ओरडत, "शाब्बास! एकदम! सगळे एकदम!" एखाद्या साम्राज्याच्या सैन्याची सलामी घेतल्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

उत्पादन विभागाने तक्रार केली. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, तीही रोज. फॅक्टरी मॅनेजर रानडे पुण्याहून आलेले. जे मोजता येत नाही ते त्यांच्या दृष्टीने नसतंच. त्यांनी झेमसेंना बोलावलं. मी त्यांच्या टेबलावर रंगाचे नमुने मांडत होतो, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"झेमसे, या तुमच्या वाजवण्याचा उपयोग काय, हे मला दिसेल असं काहीतरी दाखवा."

"कामगारांचा उत्साह, सर..."

"उत्साह दिसत नाही मला. रस्सीखेच दिसते. वर्धापनदिनाला दरवर्षी शेजारच्या कंपनीशी आपली रस्सीखेच होते आणि दरवर्षी आपण मातीत जातो. या वर्षी जिंकून दाखवा. गेटवर लाउडस्पीकर बसवून देतो, कवायत कायमची. हरलात तर टेप घरी न्यायचा आणि तुम्ही कॅन्टीनच्या कुपनांवर बसायचं. मान्य?"

"मान्य, सर," झेमसे म्हणाले.

त्या दिवशी बसमध्ये त्यांनी टेप लावला नाही. नागोठणं मागे पडलं तरी माणूस गप्प. मला ते गप्प बसणं मानेच्या व्यायामापेक्षा जड गेलं.

"एवढं काय त्यात? कुपनं वाटणं काही वाईट नाही. बसून काम," मी म्हटलं.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सकाळी सगळ्यांचे हात एकदम वर जातात ना, ते बघायला मिळतं मला. ते बंद नको व्हायला."

हात एकदम वर जात नसत. मी रोज बघत होतो. पण मी पेपर उघडला आणि वाचत बसलो.

मग सराव सुरू झाला. बाळाराम आणि त्याच्या टोळीतली धिप्पाड माणसं झेमसेंनी निवडली. कंपनीच्या मागे एक बंद पडलेली जीप वर्षानुवर्षं गंजत होती. तिला दोर बांधला. टेपवर कसलातरी पलटणीचा बँड लावला, नुसता धम धम. धम झालं की मागे रेटायचं, मधल्या वेळात दम धरायचा. पहिल्या दिवशी जीप हललीच नाही. नंतर हलली. मग ती आवारभर मागे मागे फिरायला लागली. कंपनीच्या इतिहासात ती चालू असताना फिरली नसेल इतकी. मी जेवणाच्या सुट्टीत थट्टा करायला म्हणून जायचो आणि बघत उभा राहायचो. आठ माणसांच्या टाचा एका क्षणी जमिनीत रुतायच्या. झेमसे ओरडायचे, "कानातनं पायात!" आणि जीप कण्हत यायची. मला हे आवडत नव्हतं. एखाद्या माणसाला आपण मूर्ख ठरवून मोकळे झालेलो असतो आणि तो मधेच बरोबर निघायला लागतो, तेव्हा फार गैरसोय होते.

पण मी चिंता करायचं कारण नव्हतं. आपला विजय घालवायला झेमसे स्वतःच पुरेसे होते.

वर्धापनदिन त्या वर्षी शिमगा संपल्यावर लगेच आला. आमच्याकडे शिमग्यात गावदेवाची पालखी निघते आणि ती नुसती निघत नाही, नाचते. दांडा खांद्यावर घेऊन माणसं खालूबाज्यावर घरोघर पालखी नाचवत नेतात. खालूबाजा म्हणजे ढोल, टिमकी, झांज आणि वर सनई. तो सुरू झाला की इथल्या माणसाचं पाऊल उचलतंच. मुंबईत नोकरीला असलेले लोक सुट्टी नामंजूर झाली तर नोकरी सोडून येतात, ते त्या बाज्यासाठी. बाळारामच्या टोळीतला प्रत्येक जण नुकताच आपापल्या गावची पालखी नाचवून आला होता. खांद्यांवर दांड्याचे वळ अजून लाल होते.

झेमसेंनी जाहीर केलं, सामन्याला टेप नाही. सामन्याला खालूबाजा.

"टेपमधला ढोल म्हणजे फोटोतलं जेवण. नुसत्या फोटोवर यांनी जीप ओढली. खरं जेवण मिळालं तर?" ते मला म्हणाले.

बाळाराम तिथेच दोर गुंडाळत होता. तो थांबला. "साहेब, बाजा नको. शिमगा आत्ताच गेलाय. अंगात अजून हाय."

"म्हणूनच तर!" झेमसे म्हणाले.

सामना संध्याकाळी होता. मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ. एका बाजूला आमचे, दुसऱ्या बाजूला शेजारच्या कंपनीचे. तेही याच तालुक्यातले, याच गावांतले. कुणी कुणाचा मेहुणा, कुणी कुणाचा साडू. रानडे खुर्चीवर बसले होते. कडेला रोह्याजवळच्या एका वाडीतला बाजा तयारीत उभा. ढोलवाला म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, कमरेला ढोल बांधलेला. झेमसेंनी त्यांना बजावून ठेवलं होतं की मी हात खाली आणला की एक ठोका, बास.

पहिली खेच तशीच झाली. हात खाली, ढोल, आठ टाचा जमिनीत. हात खाली, ढोल, आठ टाचा. समोरचे काय होतंय हे कळायच्या आत रेघेच्या या बाजूला आले होते. मैदान ओरडलं. रानडे खुर्चीत पुढे सरकले. झेमसेंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तीनपैकी दोन जिंकायच्या होत्या. दुसऱ्या खेचीला समोरचे शहाणे झाले. त्यांनी टाचा रोवल्या आणि हलेनात. दोर ताठ, माणसं लाल, कुणीच तसूभर सरकेना. झेमसेंचा हात खाली येत होता, ढोल पडत होता, काही होत नव्हतं. पाहणारे लोक ओरडून ओरडून थकले. आणि मग झेमसे बाज्याकडे वळून किंचाळले, "वाढवा! जोरात! वाढवा!"

आता खालूबाजा वाढवायचा म्हणजे काय करायचं, हे त्या लोकांना जन्मापासून एकच माहीत. ढोलवाल्याने सनईवाल्याकडे पाहिलं. सनईवाल्याने गाल फुगवले. टिमकी कडकडली, आणि पालखी उठवायची चाल सुरू झाली.

बाळाराम सगळ्यात मागे होता. मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. डोळे जरा वर लागले. त्याने हातातला दोर उचलला आणि खांद्यावर घेतला. त्याच्या पुढच्याने घेतला. त्याच्याही पुढच्याने घेतला. आठही जणांच्या खांद्यांवर, बरोबर वळांवर, दोर आला. गुडघे वाकले. कमरा हलल्या. आणि आमचा संघ शेजारच्या कंपनीच्या दिशेने नाचत निघाला.

संगीताचा अंगावर परिणाम होतो हे झेमसेंचं म्हणणं अगदी खरं होतं. तो कुठल्या दिशेने होईल, एवढं त्यांनी संगीताला विचारून घेतलं नव्हतं.

समोरचे आठ जण सगळा जोर लावून मागे ओढत होते. ओढायला काही उरलंच नाही तेव्हा ते एकावर एक असे पाठीवर पडले. आमचे रेघ ओलांडून, त्यांना वळसा घालून, दोरासकट पुढे गेले. झेमसे शिट्टी फुंकत पाठीमागे धावत होते. "मागे! अरे मागे! मागे!" सनईपुढे शिट्टीचं काही चालत नव्हतं. पडलेले लोक उठले. त्यांनी अंगावरची माती झटकली, बाज्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि तेही दोराला खांदा द्यायला धावले. ते याच गावांतले, हे मी सांगितलंच आहे.

तिसरी खेच झालीच नाही. दोर कुणी खाली ठेवेना. पंचांनी वाट पाहून सामना समोरच्यांना दिला. रानडे उठले, पँट झटकली, झेमसेंपाशी गेले. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती. "झेमसे, उद्यापासून गेटवर काही वाजणार नाही. कॅन्टीनच्या किल्ल्या सकाळी ऑफिसातून घ्या." आणि ते गाडीत बसून गेले.

झेमसे रेघेपाशी उभे राहिले. शिट्टी तोंडात तशीच होती, फुंकत नव्हते. पलीकडे दोन्ही कंपन्यांचे लोक आता दोर टाकून, एकमेकांच्या कमरेला हात घालून लांबच लांब ओळीत नाचत होते. झेमसे त्यांच्या पायांकडे बघत होते.

बाळाराम पाणी प्यायला पिंपापाशी आला. घामाने निथळत होता. मी सामना सुटल्यापासून एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते त्याला ऐकवलं. "काय बाळाराम, तुमच्या साहेबांचा ताल शेवटी चुकलाच."

तो हसला नाही. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "त्याचा ल्हानपनापासनं चुकतो."

"म्हणजे?"

"आमच्याकडं पावसाळा सरला की मिठागराचा तळ तुडवतात. वली माती पायानं दाबून टनक करायची. बाया-बापे, पोरं, सगळी वळीनं उभी ऱ्हातात. हात एकमेकाच्या कमरंला. गाणा म्हनायचा आन पाय आपटायचा. सगळ्यांचा पाय एकदम पडला पायजे. नायतर खळगी ऱ्हाते, तिथं मीठ काळा येते." त्याने तोंड पुसलं. "दत्तूचा पाय मागनं पडायचा. कायम मागनं. किती शिकवला, नायच. त्याची आयच त्याला सांगायची, तू बांधावर बस रं. मग ह्यो बांधावर बसायचा आन आमच्या पायांकडं बघून वरडायचा, बरोबर! एकदम! आमचा पाय बरोबर पडला की ह्यालाच आनंद."

"आणि शिमग्याला? पालखीला?"

"पालखीला कोन घेल त्याला? देव पडंल."

बाळारामने पेला पालथा घातला आणि तो सरळ रेघेपाशी गेला. इतकी वर्षं कंपनीत तो झेमसेंना साहेब म्हणत आला होता.

"दत्तू, चल," तो म्हणाला.

झेमसेंनी शिट्टी तोंडातून काढली. "नको रे. माझा पाय..."

"आता काय हरायचं ऱ्हायलंय? चल."

त्याने झेमसेंच्या दंडाला धरलं आणि ओळीत घेतलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला शेजारच्या कंपनीतला कुणीतरी, ज्याला झेमसे ओळखतही नसावेत. दोघांचे हात झेमसेंच्या कमरेमागे गेले. आणि झेमसे नाचायला लागले.

मी माझ्या आयुष्यात इतकं वाईट नाचताना कुणाला पाहिलं नाही. सगळ्यांचं पाऊल पडून गेल्यावर, जरा वेळाने, घाबरत घाबरत, त्यांचं पडायचं. ते सावरायला बघायचे आणि आणखी मागे पडायचे. शेजारचा एकदा ठेचकाळला. ओळीत त्या जागी एक लाट उठायची आणि दोन्ही टोकांपर्यंत जायची. झेमसेंची नजर स्वतःच्या पायांवरून हलत नव्हती. ओठ मोजत होते. एकदा त्यांनी ओळीतून निघायचा प्रयत्न केला, पण बाळारामचा हात तिथेच होता.

मग थोड्या वेळाने, कसं ते मला कळलं नाही, त्यांचं पाऊल आणि ढोल एकत्र पडले. पुन्हा पडले. आणि पुन्हा. झेमसेंनी दचकून मान वर केली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ओळ त्यांच्याबरोबर खाली गेली, त्यांच्याबरोबर वर आली. चाल जरा लंगडी झाली होती, पण आता सगळ्यांची एकच होती.

शेवटी बिचाऱ्याला ताल सापडला, असं मला वाटलं.

मग मी ढोलवाल्याकडे पाहिलं. सनई गोंधळून थांबली होती. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता, टिमकीकडेही नाही. तो मान पुढे काढून झेमसेंच्या पायांकडे बघत होता. काठी हवेत धरून, पाऊल पडायची वाट बघत.